मनुकाऊच्या काठचे पोलाद : तप्त लाटणातील दोन अदृश्य राशींचा इतिहास

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहर ज्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसले आहे, तिच्या दक्षिण अंगाला माउंट रॉस्किल हे उपनगर येते. निद्रिस्त ज्वालामुखीचा सुमारे ११० मीटर उंचीचा शंकू, ज्याला माओरी भाषेत पुकेतापापा म्हणतात, ही या वस्तीची खूण आहे. १९४७ ते १९८९ या काळात ती स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःचा महापौर आणि स्वतःची नगरसभा असलेली नगरपालिका होती, आणि आज भारतीय वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेला भाग म्हणून ती ऑकलंडच्या मराठी माणसाच्याही परिचयाची आहे. तिची दक्षिणेकडील सीमा वाइकोहाई आणि हिल्सबरो येथील उतारांवरून थेट मनुकाऊ बंदराच्या पाण्याला भिडते. याच किनाऱ्याने पूर्वेकडे गेले की ओनेहुंगा लागते, त्यापुढे ओटाहुहू, आणि बंदराच्या अगदी दूरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वाइउकू खाडीच्या काठी, ग्लेनब्रूकचा पोलाद कारखाना उभा आहे. माउंट रॉस्किलमध्ये स्वतःची रोलिंग मिल नव्हती. परंतु त्याच्या किनाऱ्यावर येऊन मिळणाऱ्या या एकाच पाण्याभोवती न्यूझीलंडमधील पोलाद लाटण्याच्या इतिहासाचा मोठा भाग घडला, आणि या इतिहासाच्या मुळाशी जो तांत्रिक प्रश्न आहे तो जगातील कोणत्याही रोलिंग मिलला चुकलेला नाही.

तो प्रश्न असा मांडता येतो. लाल तापलेली पोलादाची जाड वडी दोन फिरत्या रोलांच्या फटीतून ओढली जाते तेव्हा ती पातळ आणि लांब होते, आणि रोलांवर प्रचंड भार येतो. हा भार मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो : पट्टीची रुंदी, रोल आणि पट्टी यांच्यातील स्पर्शचापाची लांबी, धातूचे प्रवाह प्रतिबल, आणि घर्षणाचा परिणाम. यांपैकी पहिल्या दोन मोजता येतात. प्रवाह प्रतिबल म्हणजे धातू कायमचा आकार बदलत असताना तो बदल चालू ठेवण्यासाठी दर एकक क्षेत्रफळावर द्यावे लागणारे बल. ते तापमान, विकृतीचे, म्हणजे आकारबदलाचे, प्रमाण आणि विकृतीचा वेग यांनुसार क्षणाक्षणाला बदलते. घर्षण रोल आणि धातू यांच्या दरम्यान, जिथे कोणतीही मोजपट्टी पोहोचत नाही अशा जागी, काम करते. मिलमध्ये जे प्रत्यक्ष मोजता येते तो फक्त एकूण भार असतो, आणि त्या एका आकड्यामागे या दोन अदृश्य राशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. धातू कठीण होता म्हणून भार वाढला, की पृष्ठभाग खरखरीत होता म्हणून, हे भाराचा आकडा सांगत नाही.

आकड्यांनी ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ७०० मिलिमीटर व्यासाच्या रोलांखाली एक मीटर रुंदीची पट्टी एका फेऱ्यात, म्हणजे रोलांमधून एकदा जाताना, १० मिलिमीटरने पातळ केली, तर स्पर्शचापाची लांबी त्रिज्या आणि जाडीतील घट यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे ५९ मिलिमीटर येते. त्या तापमानाला धातूचे प्रवाह प्रतिबल १५० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन धरले, पट्टी रुंदीला पसरत नसल्यामुळे त्यात सुमारे १५ टक्के वाढ धरली, आणि घर्षण व भूमिती यांच्यासाठी १.३ चा गुणक लावला, तर भार साधारण १३ मेगान्यूटन, म्हणजे सुमारे १,३५० टन वजनाइतका होतो. एवढ्या भाराखाली मिलची पोलादी चौकटही ताणली जाते. तिचा ताठपणा दर मिलिमीटरला ५ मेगान्यूटन असेल, तर रोलांमधील फट अडीच मिलिमीटरहून अधिक उघडते, आणि म्हणून १० मिलिमीटर जाडीची पट्टी हवी असल्यास फट आधीच साडेसात मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. भाराचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर जाडी पाव मिलिमीटरने चुकते, आणि पट्टीचे पुढचे टोक रोलांत शिरण्यापूर्वी ही चूक दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग नसतो. दोन अदृश्य राशींचा अंदाज बांधणे ही विद्वत्तेची हौस नसून विकता येणारा माल आणि भंगार यांच्यातील सीमारेषा होती.

मनुकाऊच्या काठावर हा प्रश्न प्रथम आला तेव्हा तो या शब्दांत मांडणारे कोणी नव्हते. ऑकलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काळी वाळू टायटनोमॅग्नेटाइट या खनिजाची, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांच्या संयुक्त ऑक्साइडची बनलेली आहे, आणि तारानाकीपासून मनुकाऊच्या मुखापर्यंत पसरलेल्या या वाळूतून लोखंड काढण्याचे प्रयत्न युरोपीय वसाहतीच्या पहिल्या दशकापासूनच सुरू झाले होते. १८८० च्या दशकात ओनेहुंगा येथे लोहकारखाना उभा राहिला. तेथे वाळू वितळवण्याचा प्रयोग टिकला नाही : झोतभट्टीत बारीक वाळू हवेचा मार्ग कोंडत असे आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडमुळे मळी घट्ट होऊन वाहत नसे. महाराष्ट्रातील वाचकाला यात चांदा जिल्ह्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यांच्या अहवालामुळे जमशेटजी टाटा यांचे लक्ष लोहाऱ्याच्या समृद्ध धातुकाकडे वळले, परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नाही असे ठरले आणि पोलादाचा कारखाना अखेर साकचीला गेला. धातुक दारात असूनही ते वितळवण्याची युक्ती हाती नसणे, हे दुःख दोन्ही प्रदेशांनी एकाच काळात भोगले.

वाळू साधली नाही तरी भंगार लोखंड तापवून त्याच्या सळया लाटण्याचे काम चालू शकत होते, आणि त्या काळच्या लाटणाऱ्या कारागिराकडे प्रवाह प्रतिबल आणि घर्षण या दोहोंचे ज्ञान होते, मात्र ते डोळ्यांत आणि हातांत होते. तो तुकड्याच्या रंगावरून तापमान ओळखत असे; गडद लाल तुकडा रोलांत घातला तर यंत्र अडेल किंवा रोल तुटेल हे त्याला ठाऊक होते. घर्षणाची त्याची ओळख धातूच्या शिरकावातून होत असे. रोल तुकडा आत ओढून घेतात ते केवळ घर्षणाच्या जोरावर. शिरण्याच्या बिंदूपाशी रोलाचा उतार घर्षणाच्या मानाने जास्त तीव्र झाला की रोल नुसते घसरत राहतात. घर्षण गुणांक ०.३ असेल आणि रोलांची त्रिज्या ३५० मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे ३० मिलिमीटरहून अधिक घट शिरतच नाही. सुरुवातीच्या जाड फेऱ्यांसाठी रोलांच्या पृष्ठभागावर मुद्दाम खाचा पाडण्याची जुनी रीत यातूनच आली, आणि प्रत्येक खाचेचा ठसा पुढच्या फेऱ्यांत पुसला जावा लागे, म्हणून खाचा किती खोल असाव्यात हेही अनुभवानेच ठरत गेले.

या ज्ञानाला गणिताचे रूप युरोपात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात मिळू लागले. १९२५ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांनी रोलांच्या फटीतील धातूच्या एका पातळ उभ्या कापाचा बलसमतोल मांडला. त्यातून स्पष्ट झाले की आत शिरताना पट्टी रोलापेक्षा हळू चालते आणि बाहेर पडताना रोलापेक्षा वेगाने, म्हणून मध्ये कुठेतरी एक उदासीन बिंदू असतो जिथे दोघांचा वेग सारखा असतो. त्याच्या अलीकडे घर्षण धातूला पुढे ओढते आणि पलीकडे मागे रोखते. दोन्हीकडून घर्षण धातूला या बिंदूकडे दाबत असल्यामुळे तेथे दाब सर्वाधिक होतो, आणि दाबाच्या आलेखाचा हा उंचवटा घर्षणटेकडी म्हणून ओळखला जातो. १९३० च्या दशकात जर्मनीत झीबेल आणि लूएग यांनी रोलात बारीक खीळ बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. स्वीडनच्या स्वेन एकेलुंड यांनी १९२० च्या दशकातच मिलमध्ये वापरता येईल असे सोपे सूत्र दिले होते, ज्यात तापमान वाढले की घर्षण कमी होते हे गृहीत होते. शास्त्रीय काटेकोरपणा त्यात कमी असला तरी ते अनेक दशके वापरात राहिले.

निर्णायक पाऊल मूळ हंगेरीचे आणि त्या वेळी केंब्रिजमध्ये काम करणारे एगॉन ओरोवान यांचे. १९४३ मध्ये त्यांनी दाखवले की घर्षणाला एक कमाल मर्यादा आहे : रोल आणि धातू यांच्यातील घर्षणबल धातूच्या स्वतःच्या कर्तन प्रतिबलापेक्षा, म्हणजे धातूचे थर एकमेकांवरून सरकण्यास जो विरोध होतो त्यापेक्षा, मोठे होऊ शकत नाही. ती मर्यादा गाठली की पृष्ठभाग रोलाला चिकटून राहतो आणि त्याच्या आतील धातूच सरकू लागतो. खवली, म्हणजे पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा, झटकलेल्या गरम पोलादाच्या बाबतीत असे चिकट घर्षण स्पर्शचापाच्या मोठ्या भागात असते. ओरोवान यांची पद्धत पूर्ण असली तरी हाताने आकडेमोड करणाऱ्यासाठी ती अतिशय लांबलचक होती, म्हणून १९५४ मध्ये ब्रिटिश आयर्न अँड स्टील रिसर्च असोसिएशनच्या आर. बी. सिम्स यांनी संपूर्ण चापावर घर्षण चिकटच आहे असे धरून भाराचे सुटसुटीत सूत्र काढले. सिम्स यांच्या सूत्रात घर्षण गुणांक उरतच नाही. एक अदृश्य राशी त्यांनी गृहीतकाने बाजूला केली आणि दुसरीकडे, म्हणजे प्रवाह प्रतिबलाकडे, सारे लक्ष वळवले. हा निर्णय व्यवहारात अतिशय फलदायी ठरला, परंतु त्याची किंमतही होती : ज्या मिलमध्ये घर्षण खरोखर कमी होते तिथे ती तफावत प्रवाह प्रतिबलाच्या खात्यावर जमा होऊ लागली.

प्रवाह प्रतिबल मोजण्यासाठी कॅम प्लास्टोमीटर हे उपकरण वापरले जाऊ लागले, ज्यात विशेष आकाराचे फिरते चाक गरम नमुना ठरावीक विकृतीवेगाने दाबते. १९५८ मध्ये याच संस्थेच्या कुक आणि मॅक्रम यांनी अनेक प्रकारच्या पोलादांसाठी या मोजणीवर आधारित आलेख छापले, आणि मिलच्या अभियंत्याला टेबलावर ठेवून वापरता येईल असे साधन प्रथमच मिळाले. या इतिहासात ओरोवान यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. पण शेकडो नमुने एकामागून एक दाबून तयार झालेल्या या आलेखांचा गौरव त्या मानाने फार थोडा झाला आहे, आणि हे अन्यायाचे आहे, कारण आकड्यांविना सूत्राला काहीच करता येत नाही. पुढे जपानमध्ये मिसाका आणि योशिमोतो यांनी १९६७ मध्ये हीच माहिती एका सूत्रात बसवली, ज्यात कार्बनचे प्रमाण, तापमान, विकृती आणि विकृतीवेग घातले की प्रतिबल मिळते. त्या सूत्रानुसार विकृतीवेग दहापट केला तर प्रतिबल सुमारे एकतृतीयांशाने वाढते. कमी कार्बनच्या पोलादाचे तापमान ११०० अंश सेल्सिअसवरून ९०० वर आले तर ते जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढते. १००० अंशांच्या आसपास दर १० अंशांच्या घसरणीला सुमारे दोन टक्के, असा हा हिशोब येतो. शिदा यांनी त्यात आणखी एक बारकावा आणला : थंड होता होता ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेतून फेराइट या रचनेत जाताना पोलाद काही काळ कठीण होण्याऐवजी मऊ होते, कारण एकाच तापमानाला फेराइट ऑस्टेनाइटपेक्षा नरम असतो.

हे सारे घडत असताना मनुकाऊच्या काठावर दोन नवी कामे आकाराला येत होती. ओटाहुहू येथे पॅसिफिक स्टीलने १९६२ पासून विजेच्या भट्टीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया लाटायला सुरुवात केली. सळई सपाट रोलांत लाटली जात नाही. ती गोल, लंबगोल आणि चौकोनी खाचांच्या मालिकेतून जाते, आणि तिथे घर्षण भाराबरोबरच धातू बाजूला किती पसरेल हेही ठरवते. पसरणे कमी पडले तर पुढची खाच भरत नाही, जास्त झाले तर सळईच्या कडेला पंख फुटतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये रोल बसवणाऱ्या मिस्त्रीला ही अडचण ओटाहुहूच्या कामगाराइतकीच ओळखीची आहे.

दुसरे काम वाळूचे होते. सर वूल्फ फिशर यांच्या अध्यक्षतेखाली न्यूझीलंड स्टील ही कंपनी १९६५ मध्ये स्थापन झाली आणि ग्लेनब्रूकची जागा निवडली गेली. जुन्या अपयशावरचा उपाय आता सापडला होता : झोतभट्टी टाळून वाळू आणि कोळसा फिरत्या नळाकार भट्टीत एकत्र तापवायचे, धातूला वितळू न देता त्यातील ऑक्सिजन काढून घ्यायचा, आणि मग विजेच्या भट्टीत ते वितळवायचे. परंतु कारखान्याचा पहिला विभाग सुरू झाला तो १९६८ मध्ये, आणि तो लोखंड बनवण्याचा नव्हे, पत्र्यावर जस्त चढवण्याचा होता. त्यासाठी लागणारी कॉइल परदेशात लाटून आणली जात असे. वाळूपासूनचे पोलाद १९६९-७० मध्ये निघू लागले, तरी ते बिलेटच्या, म्हणजे सळईसाठीच्या लांब चौकोनी तुकड्यांच्या रूपात होते. ऑकलंडच्या घरांवर चढणारा पत्रा दोन दशकांच्या आसपास न्यूझीलंडमध्ये जस्ताळला जात होता, पण लाटला जात नव्हता. १९८० च्या दशकात सरकारच्या मोठ्या औद्योगिक विस्तारात वाइकाटो नदीच्या मुखाजवळच्या उत्तर किनाऱ्यावरून वाळू पाण्यात मिसळून १८ किलोमीटर नळाने आणण्याची सोय झाली, स्लॅब, म्हणजे जाड सपाट वडी, ओतण्याची यंत्रणा बसली, आणि १९८६-८७ च्या सुमारास तप्त व शीत अशा दोन्ही रोलिंग मिल सुरू झाल्या. दोनशे मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्लॅब काही मिलिमीटरपर्यंत उतरवण्याचे काम या देशात तेव्हापासून होऊ लागले. विस्ताराचा खर्च अपेक्षेपलीकडे गेला. १९८७ मध्ये सरकारने कारखाना इक्विटिकॉर्पला विकला, ती कंपनी १९८९ मध्ये कोसळली, आणि अखेर तो बीएचपीकडे व तिच्यातून वेगळ्या झालेल्या ब्लूस्कोपकडे गेला.

तप्त मिल सुरू करणाऱ्या अभियंत्याला सिम्स, मिसाका, शिदा यांची सूत्रे आयती मिळत होती. आयते मिळत नव्हते ते स्वतःच्या मिलमधील मूल्य. प्रयोगशाळेतला छोटा नमुना एकदाच दाबला जातो. मिलमधील स्लॅब अनेक फेऱ्यांतून जाते आणि दोन फेऱ्यांमधील काही सेकंदांत तिचे स्फटिककण नव्याने घडून ती मऊ होते. हे पुनर्स्फटिकन अपुरे राहिले तर मागच्या फेऱ्याची विकृती पुढच्या फेऱ्यात साचलेली राहते आणि प्रतिबल पुस्तकातील आकड्यापेक्षा जास्त निघते. घर्षण तर त्याहून स्थानिक असते : रोल कोणत्या धातूचा आहे, किती टन माल लाटून किती झिजला आहे, पाण्याच्या फवाऱ्याने खवली किती निघाली, निघून पुन्हा किती धरली, यांवर ते आठवड्याभरातही बदलते. पातळ, मऊ खवली वंगणासारखी वागते, तर थंड झालेली भंगुर खवली खरखर वाढवते.

म्हणून मिलमधील नोंदींवरूनच दोन्ही राशी उलट दिशेने काढाव्या लागतात, आणि त्यांना एकमेकींपासून सोडवण्याचा मार्ग लाटणाच्या भूमितीतच दडलेला आहे. स्लॅब जाड असताना स्पर्शचापाची लांबी जाडीपेक्षा कमी असते, घर्षणटेकडी जवळजवळ उभीच राहत नाही, आणि भार मुख्यतः प्रवाह प्रतिबलावर ठरतो. फक्त अशा फेऱ्यांत विकृती खोलवर एकसारखी पोहोचत नसल्यामुळे भूमितीचा वेगळा गुणक लावावा लागतो. पट्टी पातळ झाल्यावर हीच लांबी जाडीच्या कित्येक पट होते आणि घर्षण भाराचा मोठा वाटा उचलते. तेव्हा जाड फेऱ्यांच्या नोंदींतून प्रतिबलाचे स्थिरांक बांधून घ्यायचे आणि ते पातळ फेऱ्यांत नेऊन उरलेल्या तफावतीतून घर्षण काढायचे, असा क्रम लागतो. याला दुसरा साक्षीदार मिळतो तो अग्रसर्पणाचा, म्हणजे बाहेर पडताना पट्टी रोलापेक्षा किती टक्के वेगाने धावते त्याचा. रोलावर ठरावीक अंतराने दोन रेघा कोरल्या तर पट्टीवर उमटलेल्या त्यांच्या ठशांमधले अंतर, थंड होताना झालेले आकुंचन जमेस धरूनही, जास्त भरते. घर्षण जितके मोठे तितका उदासीन बिंदू आत सरकतो आणि हा फरक वाढतो. प्रवाह प्रतिबलाचा त्याच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. एक भार आणि एक अग्रसर्पण, अशा दोन स्वतंत्र मोजण्या मिळाल्या की दोन अदृश्य राशींचे समीकरण सुटते. भार अचूक मोजणारे साधन १९५४ मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीत ऑर्वार डाले यांनी शोधलेल्या चुंबकीय भारमापकापासून सर्वत्र आले. मिलच्या संगणकाने प्रत्येक स्लॅबनंतर आपला अंदाज आणि मोजलेला भार ताडून स्थिरांक सुधारण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ झाली.

या सुधारणेत एक धोका मात्र कायम राहिला, आणि जाणकार अभियंते त्याबद्दल सावध असतात. संगणक तफावतीला एकच दुरुस्ती गुणक लावतो, आणि तो गुणक धातूच्या चुका व पृष्ठभागाच्या चुका एकत्र गिळतो. नेहमीचा माल चालू असेपर्यंत हे खपते. वेगळ्या कार्बनची किंवा वेगळ्या रुंदीची पहिली स्लॅब आली, किंवा नुकतेच घासून गुळगुळीत केलेले रोल बसवले, की घर्षणासाठी शिकलेली दुरुस्ती धातूवर लागू होते आणि पहिल्या काही कॉइल जाडीत चुकतात.

ग्लेनब्रूकच्या बाबतीत हा प्रश्न आता पुन्हा तातडीचा झाला आहे. वाळूपासूनच्या पोलादात तांबे आणि कथील यांसारखे उपरे धातू फार थोडे असतात, आणि वाळूतील व्हॅनेडियम, जे पोलादाला कठीण करते, ते पोलाद बनण्यापूर्वीच मळीच्या रूपाने वेगळे काढून विकले जाते; म्हणून या मिलला वर्षानुवर्षे बऱ्यापैकी एकसारख्या रसायनाचा माल लाटायला मिळाला. ओटाहुहूची वितळभट्टी २०१५ मध्ये बंद झाली आणि तिथल्या रोलिंग मिलसाठीचे बिलेट ग्लेनब्रूकहून येऊ लागले. २०२३ मध्ये ब्लूस्कोप आणि न्यूझीलंड सरकार यांच्यात ग्लेनब्रूकला विजेची कमानभट्टी बसवण्याचा करार झाला, ज्यासाठी सरकारने १४ कोटी न्यूझीलंड डॉलरपर्यंत साहाय्य देऊ केले. वाळूपासूनच्या लोखंडाचा निम्म्याच्या आसपास वाटा देशातल्या भंगाराने भरून काढणे आणि कोळशाचा वापर कमी करणे हा तिचा हेतू आहे. भंगाराबरोबर तांबे येते. पुनर्तापन भट्टीत लोखंडाची खवली होते, पण तांब्याचे ऑक्सिडीकरण होत नाही. ते खवलीखाली साचते, वितळते आणि कणांच्या सीमांत शिरून पृष्ठभागाला भेगा पाडते, आणि खवली धातूला किती घट्ट धरून राहील हेही त्याने बदलते. द्रावणात राहिलेला अंश प्रवाह प्रतिबल थोडे वाढवतो. तांबे अशा रीतीने दोन्ही अदृश्य राशींना एकाच वेळी हात लावते, आणि नव्या मिश्रणाच्या स्लॅबसाठी जाड फेऱ्यांचा भार, पातळ फेऱ्यांचा भार आणि अग्रसर्पण यांच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवून प्रतिबलाचे आणि घर्षणाचे स्थिरांक भंगाराच्या प्रत्येक प्रमाणासाठी नव्याने काढावे लागणार आहेत.